बाळाची लघवी सांगते, पोटात असताना काय घडलं होतं

अपुऱ्या दिवसांच्या एक किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम ८० ते ९० मिली. त्यामुळे तपासणीसाठी घेतलेला प्रत्येक मिली मोजूनमापून घ्यावा लागतो. लघवी मात्र सुई न टोचता मिळते. लंगोटात कापसाचा बोळा ठेवला तरी काम होतं.

गर्भातला दाह म्हणजे काय?

३७ आठवड्यांआधी प्रसूती होण्याचं एक मोठं कारण म्हणजे जंतुसंसर्ग. योनीमार्गातले जिवाणू वर सरकून गर्भाभोवतीच्या पडद्यांपर्यंत पोहोचतात. पडद्यांना आणि वारेला सूज येते. कधी ती बाळाच्या शरीरातही पसरते. अशा बाळांना पुढे फुप्फुसांचे आजार आणि मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो. आईला मात्र ताप किंवा पोटदुखी असं काहीच जाणवलेलं नसू शकतं.

आज हे कसं कळतं?

वार सूक्ष्मदर्शकाखाली तपासून. पण तो अहवाल यायला काही दिवस लागतात आणि अँटिबायोटिक द्यायचं की नाही, हे पहिल्या काही तासांतच ठरवावं लागतं.

लघवीत काय सापडतं?

बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे पेशींच्या पृष्ठभागावरचं छोटं प्रथिन. दाह असला की ते रक्तात वाढतं, मूत्रपिंडातून गाळलं जातं आणि तिथल्या नलिकांना सगळं परत शोषता आलं नाही की लघवीत उतरतं. इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ आणि एनगॅल या प्रथिनांचाही असाच अभ्यास होतो.

मग ही तपासणी सरसकट का होत नाही?

कारण या बाळांची मूत्रपिंडंही अपरिपक्व असतात. दाह नसतानाही २६ आठवड्यांच्या बाळाच्या लघवीत हे प्रथिन ३४ आठवड्यांच्या बाळापेक्षा जास्त असतं. जन्मताना ऑक्सिजन कमी पडला किंवा जेंटामायसिनसारखं औषध दिलं, तरी नलिकांना इजा होऊन आकडा वाढू शकतो. लघवी पातळ की दाट, यानेही फरक पडतो. म्हणून क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढतात. त्यामुळे लघवीतला आकडा ही फक्त एक खूण आहे. निदानासाठी रक्ताच्या तपासण्या आणि वारेचा अहवाल लागतोच.

पालकांनी काय लक्षात ठेवावं?

प्रसूती वेळेआधी झाली, तर वार तपासायला पाठवली का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. आणि ‘माझंच काही चुकलं का?’ असं वाटणाऱ्या आईने हेही लक्षात ठेवावं, की हा संसर्ग बऱ्याचदा कुठलंही लक्षण न दाखवता होतो. जे जाणवलंच नाही, त्याचा दोष तिचा नाही.