बंदरावरून पडलेले नाव

पोर्तुगीज या नावाचे मूळ शोधायचे तर लिस्बन सोडून उत्तरेला, दोउरो नदीच्या मुखाशी जावे लागते. रोमन काळात तिथे काले नावाची वस्ती होती. लॅटिनमध्ये बंदराला पोर्तुस म्हणत, म्हणून हे पोर्तुस काले. लोकांच्या तोंडी त्याचे पोर्तुकाले झाले आणि पुढे ‘क’चा ‘ग’ होऊन पोर्तुगाल. सातारा म्हटले की सातारकर, तसा लॅटिनमध्ये स्थळनामाला ‘एन्सिस’ प्रत्यय लागे. त्या पोर्तुकालेन्सिसची झीज होऊन आजचा शब्द आला. रक्ताचे किंवा कुळाचे नाते त्यात नाही. आहे ते केवळ ठिकाण.

यावर कोणी विचारेल, मग हे लोक स्वतःला प्राचीन लुसितानिया या रोमन प्रांताचे वारस का म्हणवतात? कवी कामोंइशने १५७२ साली प्रसिद्ध झालेल्या महाकाव्याला ‘ओस लुसियादस’ हे नाव याच अभिमानातून दिले. अभिमान खरा, पण तो पंडितांनी मागाहून जोपासलेला आहे. रोमन लुसितानियाची उत्तर सीमा दोउरो नदीच होती. नदीपलीकडचा जो मुलूख पुढे राज्याचा गाभा ठरला, तो लुसितानियात नव्हताच. आणि त्या प्रांताची राजधानी, आजचे मेरिदा, स्पेनमध्ये आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काले हे नावच कालैसी या जमातीशी जोडलेले असेल, असे काही अभ्यासक मानतात. तसे असले तरी त्या जमातीचा वारसा सांगणारा गालिसिया प्रांत आज स्पेनचा आहे. जमात एकच असती आणि नाव तिचे असते, तर मधे सरहद्द कशी पडली?

उत्तर राज्यकारभारात सापडते. इ. स. ८६८ मध्ये सरदार विमारा पेरेशने मुसलमानांकडून पोर्तुकाले जिंकले आणि तिथे सरदारकी उभी राहिली. ११३९ पासून तिथला सरदार अफोन्सो एन्रिकेश स्वतःला राजा म्हणवू लागला. पोपची मान्यता यायला ११७९ उजाडले. दरम्यान ११४७ मध्ये लिस्बन त्याच्या हाती पडले. एकेकाळी खरोखर लुसितानियात असलेले हे शहर पोर्तुगीज ठरले, ते उत्तरेकडून आलेल्या या सत्तेमुळे. १२४९ मध्ये दक्षिणेचा अल्गार्व्हही हाती आला, पण कागदोपत्री तो वेगळाच राहिला: १९१० मध्ये राजेशाही संपेपर्यंत देशाचा राजा ‘पोर्तुगाल आणि अल्गार्व्ह’चा राजा म्हणवला जाई.