पादप पाणी पितो कसा?

वृक्षास ‘पादप’ म्हणजे पायांनीं पिणारा म्हणतात, हें वाचकांस ठाऊकच आहे. शांतिपर्वांत भृगूंनीं कमळाच्या देठानें पाणी वर ओढण्याची उपमा योजिली आहे. उपमा सुंदर, पण ओढणारें तोंड कोठें? तें पानांत. पर्णरंध्रांतून वाफ निघून गेली कीं खालच्या अखंड जलधारेस ओढ बसते, आणि मातींतील क्षारांसह पाणी काष्ठांतील सूक्ष्म नळ्यांतून शेंड्यास पोंचतें. डिक्सन व जोली यांनीं हा सिद्धांत १८९४ सालीं मांडिला. पानांत सिद्ध झालेली साखर मात्र सालीच्या आंतल्या थरांतून मुळांकडे उतरते.

जालना जिल्ह्यांतील अंतरवाली सराटी ज्या अंबड तालुक्यांत आहे, तेथें मोसंबीच्या बागा पुष्कळ. कित्येक बागाईतदार खोडाशींच पाणी तुंबवितात. वस्तुतः पिणारीं तंतुमुळें बहुतेक फांद्यांच्या घेराच्या कडेस असतात. खोडाशीं ओल राहिली कीं डिंक्या रोगानें साल कुजते, वरून येणारें अन्न तुटतें व मुळें उपाशीं मरतात. पानें पिवळीं पडलेलीं पाहून मालक आणखी पाणी सोडतो! २०१२ च्या अवर्षणांत या जिल्ह्यांतील अनेक बागा तृषेनें वाळल्या. भरल्या विहिरीशेजारीं झाड मरावें, हें त्याहून विपरीत. दुहेरी आळें करून खोडालगतचें कोरडें ठेवावें, पाणी बाहेरच्यांत द्यावें. आणि पावसाळ्यापूर्वीं खोडास मोरचूद व चुना यांचा बोर्डो लेप लावावा.