जुनी लॉरी घेण्यापूर्वी : घोडे व बैल नेण्याच्या वाहनाचा जमाखर्च

मार्गशीर्ष महिना जवळ आला की ज्याच्या ठाणावर एखादे चांगले घोडे आहे, त्या शेतकऱ्याचे चित्त घरी स्थिर राहत नाही. दत्तजयंतीस तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. पुढे नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते आणि तेथे घोडे, गाढवे व बैल ह्यांची मोठी उलाढाल होते. घोड्यावर बसून मुक्काम करीत यात्रेस जाण्याचे दिवस मागे पडले. आता जनावर लॉरीतून जाते. आणि हंगामात भाड्याची लॉरी मिळणे कठीण, मिळाली तर भाडे दुप्पट, असा अनुभव बहुतेकांस आहे. मग कोणीतरी सांगतो की, अमुक ठिकाणी जुनी लॉरी स्वस्तात निघाली आहे, ती घेऊन टाका. येथेच घाई न करता कागद-पेन्सिल हाती घ्यावी, एवढे सांगण्याकरिता हा लेख आहे.

लॉरीत जनावरे किती मावतात ?

ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळजण वजनावरून देतात, आणि तेथेच पहिली चूक होते. मोठा घोडा किंवा बैल सुमारे ३५० ते ४५० किलो भरतो. तेव्हा तीन टनांच्या लॉरीत सहा घोडे सहज जातील, असे वाटते. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ साली जी सुधारणा झाली व १ जानेवारी २०१६ पासून जी अमलात आली, तीप्रमाणे घोड्यास २.२५ चौरस मीटर आणि गाय-म्हशीस २ चौरस मीटर जागा हवी. शिवाय प्रत्येक जनावराचा कप्पा कायमच्या आडोशाने निराळा केलेला हवा. ज्या लॉरीचा हौदा ४.३ मीटर लांब व १.८ मीटर रुंद आहे, तिचे क्षेत्रफळ ७.७४ चौरस मीटर होते. म्हणजे तिच्यात तीनच घोडे उभे करता येतात. लहान टेंपोचा हौदा २.५ मीटर लांब व १.७ मीटर रुंद असेल, तर त्यात बैल दोन मावतील, पण घोडा एकच. सौदा ठरविण्यापूर्वी हौद्याचे माप स्वतः फीत लावून घ्यावे.

ह्याच नियमांत दुसरी एक अट आहे, तिचा परिणाम थेट उत्पन्नावर होतो. जनावरांसाठी म्हणून तयार केलेल्या वाहनातून इतर माल नेता येत नाही. 'जाताना घोडे नेऊ, येताना कापूस किंवा कांदा भरून आणू' असा बेत मनात धरून जो जमाखर्च मांडील, त्याची जमेची बाजू पहिल्याच महिन्यात कोसळेल. आडोसे बसविणे हा वाहनाच्या रचनेतील बदल असल्याने त्याची नोंद नोंदणीपुस्तकात करून घ्यावी लागते, हेही विसरू नये.

वाहनाची परीक्षा

इंजिनाचा आवाज ऐकण्यास सगळेच जातात. लॉरीखाली वाकून पाहणारे थोडे. जनावरांचे मूत्र रबराच्या चटईखाली झिरपते व तेथेच साचून राहते. त्याने लोखंडी पत्रा व सांगाडा गंजतो, लाकडी फळी कुजते, आणि वरून मात्र सर्व ठीक दिसते. आमच्या परिचयाच्या एका बागायतदाराने अशीच एक रंगरंगोटी केलेली लॉरी पन्नास हजार वाचले म्हणून घेतली. मांजरसुंब्याचा घाट उतरताना घोडी मागे सरली, फळी मोडली व तिचा मागचा पाय आरपार खाली गेला. घोडी जगली, पण पुन्हा स्वारीस उपयोगी पडली नाही. घोडीची किंमत वाचलेल्या पन्नास हजारांच्या कित्येक पट होती. तेव्हा चटई काढावयास लावावी, प्रत्येक फळी खालून अणकुचीदार हत्याराने टोचून पाहावी, आणि विकणारा चटई काढू देत नसेल तर तेथूनच परत फिरावे.

दुसरी परीक्षा ब्रेकची. बीड जिल्हा बालाघाटाच्या डोंगरांनी तुटलेला आहे. चढ-उतार चुकत नाहीत. पोत्यांचे ओझे जागेवर बसून राहते, पण उभे जनावर प्रत्येक वळणास व धक्क्यास झोल घेते. म्हणून निम्मे वजन भरून लॉरी उतारावर चालवून पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. पाट्यांची पाने मोडली आहेत काय, चाकांचे रबर एका बाजूने झिजले आहे काय, रेडिएटरचे पाणी तेलकट दिसते काय, हेही ओळखीच्या मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. मिस्त्री आपला असावा; विकणाऱ्याने आणलेला नसावा.

जनावर चढविण्यास फळ्यांचा उतार लांब व खरखरीत हवा. तो करण्यास पैसे नसतील, तर शेताच्या उंच बांधास लॉरीचा मागचा भाग लावून घोडा चढवावा. ही युक्ती बिनखर्चाची व सुरक्षित आहे. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांप्रमाणे घोड्यांच्या मधून किमान ८ सेंटीमीटर जाडीचे बांबू, मागे दोन भक्कम आडवे दांडे व तळाशी न घसरणारे आच्छादन असले पाहिजे. घोड्याचे तोंड डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांपासून दूर ठेवावे. प्रत्येक वाहनाबरोबर एक राखणदार असावा आणि वेग ताशी ३५ किलोमीटरहून अधिक नसावा. दोनशे किलोमीटरच्या प्रवासास त्यामुळे सहा तास सहज लागतात. ड्रायव्हरची मजुरी ठरविताना हे ध्यानात घ्यावे.

कागदपत्रे

बीड व अंबाजोगाई येथे उपप्रादेशिक परिवहन कार्यालये आहेत. लॉरी घेण्यापूर्वी तेथे तिच्या नंबरावरून कर थकला आहे काय, कर्जाचा बोजा आहे काय, दंड बाकी आहेत काय, ह्याची खात्री करावी. बोजा असल्यास कर्ज देणाऱ्याचे ना-हरकत पत्र हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत मालकी आपल्या नावे करण्याचा अर्ज द्यावयाचा असतो, आणि विमा नावावर करण्यास १४ दिवसांची मुदत आहे. ह्या दिवसांत अपघात झाल्यास कोर्टाचे खेटे कोणास चुकत नाहीत.

मालवाहू गाडीस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांची व पुढे दरवर्षी योग्यतेची तपासणी करावी लागते. पंधरा वर्षांवरील गाड्यांचे तपासणीशुल्क १ एप्रिल २०२२ पासून अनेक पटींनी वाढविण्यात आले, व त्यानंतरही दर बदलले आहेत. म्हणून चालू दर कार्यालयातूनच लिहून आणावा. महाराष्ट्रात आठ वर्षांवरील मालवाहू गाडीस पर्यावरण करही पडतो. भरलेले एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असणाऱ्या वाहनास परमिट लागत नाही. त्याहून मोठ्यास लागते. साधे हलक्या मोटारीचे लायसन असलेला इसम ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे. त्यामुळे घरचा तरुण मुलगा ड्रायव्हर होऊ शकेल. प्रवासात पशुवैद्याचा दाखला व खरेदीची पावती जवळ असावी.

हिशेब

आता आकडे मांडू. हे आकडे समजुतीकरिता धरलेले आहेत. वाचकांनी त्या जागी आपापल्या गावचे घालावेत. नऊ वर्षांची लॉरी ४,००,००० रुपयांस घेतली. रबर, तळफळ्या, आडोसे व ब्रेक ह्यांवर १,००,००० लागले. पाच वर्षे वापरून, म्हणजे पंधरावे वर्ष लागण्यापूर्वीच, ती १,५०,००० ला विकली. लॉरी दारात उभी राहिली तरी दरवर्षी होणारा खर्च असा :

घसारा : ७०,००० रु.
गुंतलेल्या सरासरी ३,२५,००० रकमेवर दहा टक्के व्याज : ३२,५०० रु.
विमा : २०,००० रु.
कर, तपासणी व धुराचा दाखला : २०,००० रु.
छप्पर व किरकोळ : ७,५०० रु.
एकूण : १,५०,००० रु.

चालता खर्च निराळा. लिटरला सात किलोमीटर धरल्यास डिझेलचे किलोमीटरमागे १३ रुपये, रबराचे २ व तेल-दुरुस्तीचे ७, मिळून २२ रुपये होतात. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या फेरीस ४,४०० रुपये. ड्रायव्हर व राखणदाराचे १,५०० आणि टोलचे १०० धरून एक फेरी ६,००० ला पडते.

वर्षास २० फेऱ्या झाल्या, तर स्थिर खर्चाचा वाटा फेरीमागे ७,५०० येऊन फेरी १३,५०० ला पडते. तेवढ्याच प्रवासाचे भाडे ९,००० असेल, तर स्वतःच्या लॉरीपायी वर्षाला ९०,००० रुपये अधिक जातात. ५० फेऱ्यांस दोन्ही बाजू समान होतात. ६० फेऱ्या झाल्या तर फेरी ८,५०० ला पडून वर्षास ३०,००० वाचतात. ह्याशिवाय इंजिन उघडण्याची वेळ येईल म्हणून ७५,००० रुपये बँकेत निराळे ठेवावेत. ते नसतील, तर बिघाडाच्या दिवशी सावकाराचे दार गाठावे लागते.

मग काय करावे ?

दोन घोडे व एक बैलजोडी बाळगणाऱ्या घराच्या फेऱ्या वर्षास दहापलीकडे क्वचित जातात. अशा घराने एकट्याने लॉरी घेऊ नये. ओळखीच्या गाडीवाल्याशी हंगामापूर्वीच भाड्याचा करार करावा. 'बाकीच्या फेऱ्या भाड्याने मारू' ह्या आशेवरही विसंबू नये. बैलगाडा शर्यतींवरील बंदी १६ डिसेंबर २०२१ रोजी उठली व १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांस मान्यता दिली, त्यामुळे शर्यतीचे बैल नेण्याचे काम वाढले हे खरे. परंतु २०२२ साली लंपी रोगामुळे जनावरांचे बाजार व वाहतूक बंद झाली, तेव्हा अशी वाहने जागेवर उभी राहिली, हेही तितकेच खरे. हप्ता मात्र रोगराईमुळे थांबत नाही.

पाच घरांनी प्रत्येकी दहा फेऱ्यांची हमी घेतली, तर पन्नासाचा आकडा गाठतो. तेव्हाच लॉरीचा विचार करावा, आणि तो लेखी करावा : स्थिर खर्च पाचांत समान, चालता खर्च ज्याची फेरी त्याचा, यात्रेच्या दिवसांचा क्रम चिठ्ठ्या टाकून, आणि प्रत्येक फेरीची नोंद एका वहीत. भागीदारी तोंडी बोलण्यावर उभी केली तर लॉरीबरोबर सोयरीकही मोडते.

तूर्त प्रत्येकाने एवढेच करावे. गेल्या वर्षी आपली जनावरे किती वेळा, कोठे व किती भाड्याने नेली, ते आठवून एका कागदावर लिहावे. तो कागद समोर ठेवूनच लॉरी पाहण्यास जावे.