गाडी गेली, नाव राहिलं

दसऱ्याला नवी गाडी दारात येते. झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. जुनी गाडी त्याच दिवशी सोसायटीच्या मागच्या भिंतीकडे सरकवली जाते. काही दिवस तिच्यावर कव्हर असतं. मग कव्हर फाटतं, टायर बसतात, बॅटरी उतरते आणि पार्किंगवरून सेक्रेटरींची चिठ्ठी येते. घरात विषय निघतो, हिचं करायचं काय? तेवढ्यात कुणाच्या तरी मोबाइलवर जाहिरात सापडते. जुनी, बंद, ठोकलेली, कसलीही गाडी चालेल. पैसे रोख. न्यायला आम्हीच येऊ, एक रुपया खर्च नाही.

फोन केला की संध्याकाळपर्यंत माणूस येतो. गाडीभोवती एक फेरी मारतो, आकडा सांगतो, थोडी घासाघीस होते. नोटा हातात पडतात, आरसी बुक त्याच्या खिशात जातं आणि टो व्हॅन गेटबाहेर निघते. पार्किंग मोकळं झालं, चार पैसे आले, सगळे खूश. मला काळजी वाटते ती त्या खिशात गेलेल्या आरसी बुकाची.

गाडी खरंच भंगारात काढायची आहे का, हे आधी पाहायला हवं. पंधरा वर्षं झाली की गाडी सरकार ओढून नेतं, असा समज आपल्याकडे फार पसरलाय. तो दिल्लीवरून आलेला आहे. राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश आणि त्यावर सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये केलेलं शिक्कामोर्तब, यामुळे दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिथेही अशा गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नका असं तेव्हा सांगितलं होतं. महाराष्ट्रात खासगी गाडीला वयाची अशी बंदी नाही. पंधरा वर्षांनी गाडी आरटीओत दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, शुल्क भरायचं, की पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढते. हे शुल्क मात्र आता लक्षात येण्याजोगं आहे. कारसाठी पूर्वी ६०० रुपये होतं, ते एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये १०,००० केलं गेलं. इंजिन ठणठणीत असेल, आठवड्यातून दोनदा मंडईत जायला गाडी लागत असेल, तर हा खर्च करून ती ठेवण्यात काहीच चूक नाही. चालू गाडीला गिऱ्हाइकही भंगारापेक्षा जास्त पैसे देतं. तुमच्याकडे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात सांभाळलेली गाडी असेल, तर २०२१ पासून तिची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते आणि ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळते. तसली गाडी कुणाच्या टो व्हॅनवर चढवू नका.

उरतात त्या खरोखरच संपलेल्या गाड्या. पत्रा खाल्लेला, चासी गंजलेली, पार्ट मिळत नाहीत. अशा गाडीचा भाव कसा ठरतो?

मुळात तो वजनावर ठरतो. मारुती ८०० चं वजन साधारण साडेसहाशे किलो. कारच्या वजनात दोनतृतीयांशाच्या आसपास लोखंड आणि पोलाद असतं, म्हणजे या गाडीत सव्वाचारशे किलोच्या घरात. उदाहरणापुरता किलोला ३० रुपये भाव धरला, तर लोखंडाचे झाले बारा-तेरा हजार. त्यावर इंजिन आणि गिअरबॉक्समधलं अ‍ॅल्युमिनियम, वायरिंगमधलं तांबं, बॅटरीतलं शिसं, चालू अवस्थेतला अल्टरनेटर, स्टार्टर, दरवाजे, काचा. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडे मालकाचं सहसा लक्षच नसतं. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो १९९५ पासून सक्तीचा झाला. त्याच्या आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. घेणारा गाडीखाली वाकून पाहतो तो यासाठी. सरकारने स्क्रॅप धोरण मांडताना भंगाराची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरली होती. पाच लाखांच्या गाडीमागे वीस ते तीस हजार. आपल्याला सांगितलेला आकडा याच्या किती खाली आहे, ते ताडून पाहावं.

राहिलं फुकट पिकअप. बंद गाडी दहा-वीस किलोमीटर न्यायला क्रेन किंवा टो व्हॅन, ड्रायव्हर, डिझेल आणि एक मदतनीस लागतो. हा खर्च कुणीतरी करतोच आणि तो भावातून वळता होतो. यात फसवणूक नाही, व्यवहार आहे. फक्त निदान तीन ठिकाणी भाव विचारावा, आणि आकडा दारातून उचलण्यासकटचा आहे की यार्डात पोचवल्यानंतरचा, हे फोनवरच स्पष्ट करून घ्यावं. दारात आल्यावर ‘कन्व्हर्टर नाही, टायर गेलेत’ म्हणत भाव पाडला जातो, म्हणून गाडीचे चारही बाजूंचे आणि इंजिनचे फोटो आधी पाठवलेले बरे.

गाडी इथून जाते कुठे? मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालत आलंय. त्याच कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता, जिथे पद्मिनी ही कार बनायची. शेवटच्या नोंदणीची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वीस वर्षांची मुदत संपून मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. तोवर त्या टॅक्सी चालू राहिल्या, त्यात जुन्या बाजारातल्या कारागिरांचा वाटा मोठा आहे. कंपनीने पार्ट बनवणं सोडल्यावरही हवा तो दरवाजा, हवा तो स्टिअरिंग बॉक्स हे लोक काढून द्यायचे. गाडी हातांनी उकलणारा माणूस चालण्याजोगा प्रत्येक तुकडा वाचवतो, कारण त्याचं पोट त्यावर असतं. वस्तू जपून वापरण्याच्या गप्पा आज सगळीकडे होतात. हे काम ते कधीपासून करत आलेत.

पण त्या कामाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गॅस कटर लावण्याआधी टाकीतलं पेट्रोल नीट काढलं नसेल, तर भडका उडतो. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल आणि कूलंट जमिनीत आणि गटारात जातात. एसीतला वायू सरळ हवेत सोडला जातो. बॅटरी फोडली की शिसं आणि आम्ल हाताला लागतं, आणि तो हात कधी कधी सोळा-सतरा वर्षांच्या पोराचा असतो. आपल्याला मिळालेल्या भावात ही किंमत कुठेच धरलेली नसते.

लोखंडाचा पुढचा प्रवास भट्टीकडे होतो. महाराष्ट्रात भंगार वितळवून सळई बनवण्याचं मोठं ठिकाण म्हणजे जालना. तिथल्या इंडक्शन फर्नेसमध्ये भंगार वितळतं, त्याचे बिलेट बनतात आणि रोलिंग मिलमधून बांधकामाची सळई बाहेर पडते. भट्टीवाल्यांना गाडीच्या भंगारात तांबं नको असतं. वायरिंगचं तांबं पोलादात मिसळलं की ते नंतर काढता येत नाही आणि गरम पोलाद लाटताना त्याला भेगा पडतात. म्हणून गाडीतल्या छोट्या मोटर, वायरचे झुपके आधी वेगळे करावे लागतात. भंगार नीट वेगळं केलेलं असेल तर त्याचा फायदा केवढा आहे, ते केंद्राच्या २०१९ च्या पोलाद-भंगार धोरणात दिलंय. एक टन भंगार वापरलं की सुमारे १.१ टन लोहखनिज आणि ६३० किलो कोकिंग कोळसा वाचतो. कोकिंग कोळसा आपण बहुतांश आयात करतो.

आता आरसी बुक. कायद्याच्या दृष्टीने गाडीचा मालक म्हणजे ज्याच्या नावावर ती आरटीओत नोंदलेली आहे तो. पैसे घेतले, गाडी दिली, साध्या कागदावर सही घेतली, याने नोंद बदलत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे एक अपघाताचं प्रकरण आलं होतं. गाडी मूळ मालकाने विकली होती, पुढे ती एकामागून एक हात बदलत गेली, पण नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर राहिली. अपघातात एकाचा जीव गेला. हायकोर्टाने भरपाईचा भार शेवटच्या खरेदीदारावर टाकला होता. सुप्रीम कोर्टाने तो निर्णय फिरवला आणि नोंदीत नाव असलेल्या मूळ मालकालाच जबाबदार धरलं. गाडी ताब्यात नसलेला, ती कोण चालवतंय हे माहीतही नसलेला माणूस भरपाईला बांधला गेला. अपघातग्रस्ताने मालकांची साखळी शोधत कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नयेत, हे त्यामागचं कारण मला पटतं. म्हणूनच विकणाऱ्याने जागं राहायला हवं.

भंगारात दिलेल्या गाडीला कसला अपघात होणार, असं वाटू शकतं. पण ती तोडलीच, याची खात्री काय? थोडी डागडुजी करून ती दुसऱ्या जिल्ह्यात फिरायला लागते. याहून वाईट प्रकार कागदांचा आहे. तुमची गाडी तुटते, पण आरसी आणि चासी नंबर जिवंत राहतात. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी आणून तिच्यावर तुमचा नंबर ठोकला की चोरीच्या गाडीला खरे कागद मिळतात. पोलिसांनी उघडकीला आणलेल्या वाहनचोरीच्या टोळ्यांमध्ये ही पद्धत पुनःपुन्हा दिसलीय. अशी गाडी गुन्ह्यात सापडली, तर पोलिस आधी तुमच्या दारात येतात.

यावरचा रस्ता आता कायद्याने आखून दिलेला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने वाहन स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम काढले. महिंद्रा आणि सरकारी एमएसटीसी यांच्या भागीदारीतलं केंद्र ग्रेटर नोएडात २०१८ मध्येच सुरू झालं होतं. टाटा मोटर्सने २०२३ मध्ये जयपूरपासून सुरुवात केली, पुढे पुण्यातही केंद्र आलं. गाडीची नोंदणी कुठल्याही आरटीओची असली, तरी ती कुठल्याही मान्यताप्राप्त केंद्रात देता येते. यांतली कित्येक केंद्रंही गाडी घरून नेतात, म्हणजे पिकअपच्या सोयीसाठी कागद सोडून द्यायची गरज उरत नाही. केंद्र आधी ‘वाहन’ या सरकारी नोंदीत तपासतं, की गाडी चोरीची नाही, तिच्यावर गुन्ह्याचा बोजा नाही, कर थकलेला नाही. बँकेचं कर्ज फिटलेलं असूनही आरसीवर बँकेचं नाव तसंच राहिलेलं असतं, इथे अनेकांची गाडी अडते. बँकेकडून ना-हरकत पत्र घेऊन ते आधी उतरवून घ्यावं.

गाडी जमा झाली की मालकाला ठेव प्रमाणपत्र, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं. ते दोन वर्षं चालतं. नवी गाडी घेताना त्यावर नोंदणी शुल्क माफ होतं आणि रस्ता करात सवलत मिळते. केंद्र सरकारने खासगी गाड्यांसाठी २५ टक्क्यांपर्यंतची मर्यादा घालून दिली आहे. राज्याने आत्ता किती ठेवलीय, ते शोरूमच्या तोंडी न ऐकता आरटीओत विचारावं. गाडी तोडल्यावर दुसरं प्रमाणपत्र निघतं. चासी नंबरचा कापलेला तुकडा केंद्राला सहा महिने जपून ठेवावा लागतो. चोरीच्या गाडीवर तुमचा नंबर बसण्याची वाट तिथेच बंद होते. एप्रिल २०२५ पासून पर्यावरणाचे वेगळे नियमही लागू झालेत. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बाजारात आणलेल्या गाड्यांमधल्या पोलादापैकी ठरावीक हिस्सा, सुरुवातीला ८ टक्के, परत मिळवण्याची जबाबदारी आता उत्पादक कंपन्यांवर आहे. युरोपने हे २००० सालीच ठरवलं होतं. तिथे शेवटच्या मालकाकडून गाडी बिनखर्च परत घेतली जाते.

एवढं असूनही केंद्राचा भाव कधी कधी गल्लीतल्या भंगारवाल्यापेक्षा कमी येतो, हे खरंय. केंद्र तेल आणि वायू नीट काढतं, त्याला खर्च येतो. माझं मत विचाराल, तर चार-पाच हजारांच्या फरकासाठी नाव धोक्यात घालू नये. कुर्ल्यातल्या आणि जुन्या बाजारांतल्या कारागिरांना या केंद्रांमध्ये, किंवा एकत्र येऊन स्वतःचं केंद्र काढण्यात सरकारने सामावून घ्यायला हवं. गाडी उकलण्याचं त्यांच्याइतकं ज्ञान कुठल्याच यंत्राला नाही.

घरात सगळ्यात अवघड असते ती गेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी. वडिलांची गाडी तशीच उभी ठेवली जाते. काढायला मन होत नाही, कुणी विषयही काढत नाही. वर्षं जातात, विमा संपतो आणि मग एक दिवस ती घाईघाईने कुणालातरी देऊन टाकली जाते. मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ भरायचा, असा नियम आहे. वेळ टळली असली तरी मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि भावंडांची संमती जमवून हे काम करून घ्यावं. नाव बदलल्याशिवाय स्क्रॅपिंग केंद्रही गाडी सहजी घेत नाही. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव घालता येतं. आई-बाबांच्या गाडीसाठी ते आजच करून टाका.

गाडी चालू असेल आणि भंगाराऐवजी डीलरला द्यायची असेल, तर २०२३ पासून नोंदणीकृत डीलरची व्यवस्था आहे. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये ऑनलाइन गेली की जबाबदारी त्याच्याकडे सरकते. ती सूचना आपल्यासमोर भरून घ्यावी.

गाडी गेल्यावरही दोन-तीन कामं उरतात. फास्टॅग बंद करून अनामत परत मागायची. काही आठवड्यांनी परिवहनच्या पोर्टलवर नंबर टाकून नोंदणी रद्द दाखवतेय का, ते पाहायचं. विमा कंपनीकडून नो-क्लेम बोनसचं पत्र मागून घ्यायचं. क्लेम न केलेल्या वर्षांचा हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि हे पत्र तीन वर्षं चालतं. नवी गाडी आधीच घेऊन झाली असेल, तर तिच्या पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी हे पत्र लावता येईल का, ते कंपनीला विचारून घ्या.