परांचीआडचा मालाड दगड

मुंबईच्या काळा घोडा परिसरातली डेव्हिड ससून लायब्ररी 1870 सालची. पिवळसर मालाड दगडाच्या या वास्तूवर नंतरच्या काळात काँक्रीटचा स्लॅब टाकला गेला होता. अलीकडच्या जीर्णोद्धारात तो काढून पूर्वीसारखं उतरतं छप्पर बसवलं गेलं. 2023 मध्ये युनेस्कोनं या कामाचा गौरव केला.

अशा इमारतीला परांची लागली की जरूर थांबून पाहावं. खरं कसब दगडांच्या दरजांमध्ये असतं.

जुन्या दरजांत चुना असतो. त्यातून भिंतीतला ओलावा बाहेर पडतो. दुरुस्तीत तिथे सिमेंट भरलं, तर ओल अडते, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून कारागीर सिमेंट हलक्या हातानं खरवडून पुन्हा चुनाच भरतात. काम वेळखाऊ, पण दगड वाचवणारं.