पैलवानाची वही आणि तिच्याभोवतीचे गैरसमज

शिरूरहून चौफुल्याकडे जाताना न्हावरे लागतं. घोडगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे हे नाव जिल्हाभर माहीत आहे. या पट्ट्यात हिशेब ठेवायला कुणाला शिकवावं लागत नाही. उसाची लागण कोणत्या तारखेची, खत कधी टाकलं, पाण्याची पाळी कधी आली, डेअरीत किती लिटर गेलं आणि फॅट किती लागली, हे घरात कुठे ना कुठे लिहिलेलं सापडतं. त्याच घरातला मुलगा किंवा मुलगी पहाटे लाल मातीत उतरते, संध्याकाळी कराटे नाहीतर ज्युदोच्या वर्गाला जाते, सुट्टीच्या दिवशी लाठीकाठीचा सराव करते. त्या साऱ्या मेहनतीची मात्र एक ओळ कुठे नोंदलेली नसते. कारण विचारलं की ठरलेली उत्तरं मिळतात. बहुतेक उत्तरं चुकीच्या समजुतींवर उभी आहेत.

‘कुस्ती वस्तादाच्या तोंडून शिकायची असते, ती लिहायची विद्या नव्हे’

हा समज सर्वांत खोल रुजलेला आहे आणि इतिहासाशी त्याचा मेळ बसत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११३१च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लविनोद हे प्रकरण आहे. मल्लांची वय, बांधा आणि ताकद यांवरून केलेली प्रतवारी, त्यांचा खुराक, वजन उचलण्याचा, चालण्याचा, पोहण्याचा आणि खांबावरचा व्यायाम अशा गोष्टी तिथे लिहून ठेवल्या आहेत. आज प्रशिक्षक ज्याला ‘क्रॉस ट्रेनिंग’ म्हणतात, ते नऊशे वर्षांपूर्वी लेखनात आलेलं होतं.

त्याहून जवळचं आणि अस्सल मराठी उदाहरण बडोद्याचं आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रा. माणिकराव यांच्यामुळे हे शहर मराठी व्यायामविद्येचं मोठं ठाणं बनलं होतं. तिथेच दत्तात्रय चिंतामण ऊर्फ आबासाहेब मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला. १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड निघाले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, बोथाटी, फरीगदका या सगळ्यांना त्यात एकाच छपराखाली जागा आहे. मुजुमदारांना या विद्या परस्परांच्या वैरी वाटल्या नाहीत, आणि हीच गोष्ट आजच्या तालमीतल्या मुलांना मुद्दाम सांगायला हवी. मराठी तालीम कधीच एका विद्येपुरती नव्हती. मल्लखांबाला नवं रूप देणारे बाळंभटदादा देवधर स्वतः कुस्तीगीर होते आणि दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते.

अर्थात ज्ञानकोश म्हणजे कुणा एकाची नोंदवही नव्हे. धोबीपछाड कशी मारावी, हे कोश सांगेल. ती मारताना एखाद्या विशिष्ट मुलाचा डावा गुडघा तिसऱ्या लढतीपासून का वाकायला लागतो, हे त्याने स्वतः लिहिल्याशिवाय कुणालाच कळणार नाही. वस्तादालाही नाही, कारण त्याच्यासमोर हौद्यात एका वेळी अनेक जोड लागलेले असतात.

‘प्रत्येक विद्येची वही वेगळी हवी’

कागदावर हे शिस्तीचं वाटतं, प्रत्यक्षात मोठा घोटाळा करतं. एक उदाहरण मांडून पाहू. एका दिवशी पहाटे तालमीत नव्वद मिनिटं जोर, बैठका आणि लढती झाल्या. संध्याकाळी कराटेचा तासाभराचा वर्ग झाला. अमेरिकी क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली पद्धत अशी: सराव संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं, आजचा सराव किती जड गेला? शून्य ते दहामध्ये एक आकडा द्यायचा आणि त्याला मिनिटांनी गुणायचं. तालमीला ७ दिले तर ९० गुणिले ७, म्हणजे ६३०. कराटेला ४ दिले तर ६० गुणिले ४, म्हणजे २४०. दिवसाचा भार झाला ८७०. दोन वह्या असल्या तर वस्तादाला ६३० दिसतात, कराटेच्या सरांना २४०. ८७० कुणालाच दिसत नाहीत, आणि ज्या शरीराने ते पेलले त्याला दुसऱ्या दिवशी पहाटे परत उठायचं असतं.

म्हणून वही एकच, तारखेच्या क्रमाने. विद्येचं नाव समासात. आठवड्याच्या शेवटी बेरीज. मागच्या आठवड्यापेक्षा आकडा एकदम फुगला असेल, तर पुढच्या आठवड्यात कुठलं काम हलकं करायचं ते दोन्ही गुरूंशी बोलून ठरवता येतं. एवढ्याशा गुणाकाराला ना स्मार्टवॉच लागतं, ना छातीला बांधायचा पट्टा.

एका वहीत सगळं लिहायचं, तरी सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं नाही. गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. ज्युदोची लढत चार मिनिटांची, बरोबरी झाली तर पुढे गोल्डन स्कोअर. यात्रेतली निकाली कुस्ती चितपट होईपर्यंत चालू शकते. त्यामुळे ‘दहा मिनिटं लढलो’ ही नोंद तिन्ही ठिकाणी वेगळा अर्थ सांगते. कोणत्या नियमांखाली लढलो, ते शेजारी हवंच.

‘जोर किती, तास किती, एवढं लिहिलं की झालं’

दहा हजार तास सराव केला की माणूस तरबेज होतो, हा नियम आता गावोगावी पोचला आहे. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ सालच्या पुस्तकाने तो गाजवला. त्यामागचं संशोधन अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलं होतं, बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवरचं. स्वतः एरिक्सन यांनी पुढे स्पष्ट केलं की दहा हजार हा काही जादूचा आकडा नाही. नेमक्या उणिवेवर, मार्गदर्शन घेऊन, लक्ष देऊन केलेला सराव त्यांना महत्त्वाचा वाटत होता. याच संशोधनात वादकांना आठवडाभर रोजनिशी ठेवायला लावली होती. आठवणीवरून सांगितलेले सरावाचे तास रोजनिशीतल्या तासांपेक्षा जास्त भरले. जी माणसं सरावावरच जगतात त्यांची आठवण अशी फुगत असेल, तर ‘मी रोज दोन तास मेहनत करतो’ या तालमीतल्या वाक्यालाही वहीची जोड हवी.

मग लिहायचं काय? ‘पाचशे जोर’ ही नोंद वाईट नाही, पण ती मुकी आहे. ‘एकेरी पट सहा वेळा घातला, चार वेळा समोरच्याने पाय मागे घेऊन वर भार टाकला, डोकं बाहेरच्या बाजूला राहत होतं’ ही नोंद दुसऱ्या दिवशीचं काम हातात देते. एका ओळीत काय जमलं, एका ओळीत कुठे अडलं आणि उद्या काय करून पाहायचं. वहीचं पान यापेक्षा मोठं लागत नाही.

‘दोन विद्या एकदम केल्या की दोन्ही बिघडतात’

यात थोडं तथ्य आहे, आणि म्हणूनच हा समज चिवट आहे. कुस्तीगीर वाकून, वजन पुढे ठेवून उभा राहतो. कराटेत तसंच डोकं पुढे काढलं की ठोसा खायची वेळ येते. सुरुवातीच्या महिन्यांत सवयींची ही ओढाताण होतेच.

पण सरावात गोंधळ उडणं आणि शिकणं थांबणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७९ साली शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचालींची तीन कामं लोकांना शिकवली. एका गटाने एकेक काम ओळीने घोटलं, दुसऱ्याने तिन्ही उलटसुलट क्रमाने केली. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसला. काही काळाने पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा उलटसुलट शिकलेल्यांच्या ते जास्त लक्षात राहिलं होतं. हा प्रयोग साध्या हालचालींवरचा होता, पूर्ण लढतीवरचा नव्हे. तरी नोंदवहीसाठी त्यातून एक पक्की सूचना मिळते: आज डाव कसा बसला यावर निकाल लावू नये, तीन आठवड्यांनी तोच डाव पुन्हा करून पाहावा आणि दोन्ही तारखा शेजारी ठेवून वाचाव्यात.

इतिहासातही मिसळीची उदाहरणं भक्कम आहेत. जिगोरो कानो यांनी जुजुत्सूच्या वेगवेगळ्या परंपरा शिकून १८८२ साली कोदोकान सुरू केलं आणि ज्युदो घडवला. आपल्याकडे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत वाढलेले. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांच्यापुढे गादी होती आणि आंतरराष्ट्रीय नियम होते. तिथे ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. माती विसरून ते गादीवर गेले नव्हते, मातीतलं काय चालतं आणि काय चालत नाही याचा निवाडा त्यांना करावा लागला होता. महाराष्ट्र केसरीत आजही माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोहोंचे विजेते गदेसाठी समोरासमोर येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ही स्पर्धा पुणे-नगर रस्त्यावरच्या फुलगावला, म्हणजे शिरूरकरांच्या वाटेवरच भरली होती.

‘ब्रूस ली लिहायचा तेच आपणही करायचं’

ब्रूस ली नोंदी ठेवायचा, हे खरं. १९७० साली वजन उचलताना पाठीला दुखापत झाली आणि त्याला कित्येक महिने पडून राहावं लागलं. त्या काळात त्याने विंग चुन, बॉक्सिंग, तलवारबाजी अशा अनेक विद्यांबद्दल भरभरून लिहिलं. त्या टिपणांतून त्याच्या मृत्यूनंतर, १९७५ मध्ये, ‘ताओ ऑफ जीत कुन दो’ हे पुस्तक निघालं. त्याच्या सरावाचे आकडे आता मोबाइलवर फिरतात आणि चौदा वर्षांची मुलं ते वहीत उतरवून त्यावर बरोबरच्या खुणा करत बसतात. दुसऱ्याचा आकडा उतरवला की ती त्या दुसऱ्याची वही झाली. ब्रूस लीकडून घ्यायची ती सवय: कोणती गोष्ट कुठून आली आणि आपल्या अंगाला ती कशी लागू पडली, हे लिहिण्याची.

‘दुखणंखुपणं लिहिणं म्हणजे कच्चेपणा’

या समजाने खरंच नुकसान होतं, म्हणून इथे स्पष्ट बोलायला हवं. डोक्याला मार लागला तर त्याची नोंद त्याच दिवशी, वेळेसह झाली पाहिजे. मेंदूला बसलेल्या हादऱ्याची लक्षणं कधी कधी काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी दिसतात: डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, उजेडाचा त्रास. अशी शंका आली तर त्या दिवशी पुन्हा लढायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. सकाळी तालमीत आपटलेला मुलगा संध्याकाळी कराटेच्या सरांना काही सांगत नाही आणि तिथे दुसरा मार खातो. दोन ठिकाणी शिकणाऱ्याचा हा खास धोका आहे, आणि त्यावरचा सोपा उपाय ती एकच वही दोघांना दाखवणं हा आहे.

त्वचेचंही तसंच. नायटा माती, गादी आणि घामाच्या कपड्यांमधून तालीमभर पसरतो. चट्टा कधी दिसला आणि औषध कधी सुरू केलं हे लिहिलेलं असलं की डॉक्टरांनाही कळतं.

वजनाची नोंद फक्त स्पर्धेच्या आदल्या दिवशी करायची, ही पद्धत तर सोडूनच द्यावी. पॅरिसमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगटचं वजन ५० किलोच्या मर्यादेपेक्षा सुमारे शंभर ग्रॅम जास्त भरलं आणि ती अंतिम लढतीतून बाद झाली, हे साऱ्या देशाने पाहिलं. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस झटपट वजन उतरवण्याच्या नादात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीरांचे जीव गेले आणि तिथले नियम बदलावे लागले. रोज सकाळचं वजन, आणि उन्हाळ्यात सरावाआधीचं व नंतरचं वजन, ही दोन आकड्यांची नोंद शरीरातलं पाणी किती गेलं ते सांगते. मुलींनी पाळीच्या तारखा याच वहीत लिहाव्यात. वजन उतरवताना पाळी लांबली किंवा थांबली, तर खुराक मेहनतीला पुरत नसल्याचा तो इशारा असू शकतो आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायची वेळ झालेली असते.

‘वही असली की प्रमाणपत्र कशाला’

दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी अधिकृत स्पर्धेतल्या सहभागाची नोंद आणि प्रमाणपत्र लागतं. घरच्या वहीवर ते गुण मिळत नाहीत. तिचा उपयोग वेगळा आहे. शालेय स्पर्धा साधारण पावसाळ्यात तालुक्यापासून सुरू होऊन जिल्हा, विभाग, राज्य अशा वर चढत जातात. गावजत्रांचे आखाडे बहुतेक चैत्र-वैशाखात रंगतात. दोन्हीकडे उतरणाऱ्याला वर्षात दोनदा भरात यावं लागतं. मागच्या वर्षीच्या वहीत जत्रेनंतरचे तीन आठवडे चाळले, तर थकवा कधी ओसरला, वजन कुठे स्थिरावलं आणि शालेय स्पर्धेची तयारी कोणत्या तारखेपासून धरायची, हे नेमकं कळतं.