‘अंगावरून वारे जाते’ तेव्हा मेंदूत काय घडते?

सातारा-सांगलीकडे एखाद्याचा हातपाय अचानक लुळा पडला की ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक वाऱ्याचा येथे काहीही संबंध नसतो. मेंदूला रक्त पुरविणारी धमनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि तिच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा भाग काही मिनिटांतच मरू लागतो. हाच पक्षाघात होय.

धोम धरणाच्या कालव्याची एक चारी तुंबली, तर तिच्याखालचीच शेते सुकतात. मेंदूचेही तसेच आहे. कोणती शक्ती गेली, यावरून कोणती धमनी बंद पडली याचा अंदाज डॉक्टर बांधू शकतात.

मेंदूकडे चार प्रमुख धमन्या जातात. पुढील दोन धमन्यांच्या शाखा मेंदूच्या मोठ्या भागाला रक्त देतात. मागील दोन धमन्या, कराडला कृष्णा-कोयना मिळाव्यात तशा, एकत्र येऊन एकच प्रवाह बनतात. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या अंगावर आणि उजवी बाजू डाव्या अंगावर नियंत्रण ठेवते, हेही येथे ध्यानात घ्यावे.

सर्वांत अधिक वेळा बाधित होते ती मधली धमनी. ती बंद पडल्यास तोंड वाकडे होते व हात लुळा पडतो; पायावर परिणाम त्या मानाने कमी असतो. बिघाड डावीकडे असेल तर बहुधा वाचाही जाते. उजवीकडे असेल तर रुग्णाला आपल्या डाव्या बाजूचे भानच राहत नाही. पुढची धमनी बंद झाल्यास मुख्यतः पाय दुबळा होतो. मागची बंद झाल्यास दोन्ही डोळ्यांची एकाच बाजूची अर्धी दृष्टी जाते. लहान मेंदू व मस्तिष्कस्तंभ यांचा रक्तपुरवठा थांबला तर भोवळ, तोल जाणे, एकाची दोन दिसणे, गिळता न येणे अशी लक्षणे उद्भवतात. हातपाय चालत असल्याने घरचे ‘पित्त झाले असेल’ म्हणून स्वस्थ बसतात आणि येथेच घात होतो.

थोर शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांना १८६८ मध्ये पक्षाघात झाला. डावे अंग कायमचे अधू झाले. बुद्धी मात्र शाबूत राहिली. पुढे १८८५ मध्ये त्यांनीच रेबीजची लस दिली. पक्षाघात म्हणजे आयुष्याचा शेवट नव्हे.

गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. जावळी-पाटणच्या डोंगरी वाडीतून निघणाऱ्यांचा यातील बराच वेळ वाटेतच जातो. म्हणून मालीश वा झाडपाल्यात तो दवडू नये. रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा होता, ती वेळ लिहून ठेवावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व सी.टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. धमनी बंद आहे की फुटली आहे, हे स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी घरी देऊ नये. तोंडाने पाणीही पाजू नये.

आपल्या वाचकांनी ही माहिती घरातील वडीलधाऱ्यांना व शेजाऱ्यांना अवश्य सांगावी, अशी आमची विनंती आहे.